संध्याकाळी सातची वीज कोण विकतो?

सोयगाव तालुक्यात विजेचा भाव रुपयांत कमी आणि तासांत जास्त मोजला जातो. थ्री-फेज लाईन या आठवड्यात दिवसा की रात्री, आणि आली तर आठ तास टिकणार की मधेच जाणार, एवढेच कपाशीला किंवा मक्याला पाणी देणाऱ्याला कळून हवे असते. अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशाला चिकटून असलेला हा तालुका. लेणी याच्याच हद्दीत, आणि शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र. वीज इतक्या जवळ तयार होते, तरी पाणी भरायला रात्री बॅटरी घेऊन शेतात जायची पाळी चुकत नाही. दीपनगरची वीज जवळच्या गावांसाठी राखून ठेवलेली नसते. ती ग्रीडमध्ये जाते. तिथून पुढे कोणती वीज कोणी, कधी आणि काय भावाने घ्यायची, हे करार, निविदा आणि संगणकावरचे लिलाव ठरवतात.

या घाऊक बाजाराची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. विषय अभियंत्यांचा आणि अर्थतज्ज्ञांचा समजला जातो, त्यामुळे सामान्य वाचक त्याच्या वाटेला जात नाही. मात्र बाजार वाचकाच्या वाटेला येतोच. घरगुती बिलावर 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ असते. महावितरणला वीज ठरल्यापेक्षा महाग पडली की तो फरक पुढच्या काही महिन्यांत याच ओळीतून वसूल होतो. शेतीपंपाचे तसे नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे आणि बिल सरकार भरते. त्यामुळे महागाई तिथे रुपयांत दिसत नाही, ती भारनियमनाच्या रूपाने येते. बाजारात वीज परवडेनाशी झाली की खरेदी आखडते, आणि ज्या फिडरवर गळती व थकबाकी जास्त, त्या खालच्या गटांची लाईन आधी जाते. त्या फिडरवर वेळेवर पैसे भरणारेही असतात, पण स्विच सगळ्यांचा एकच.

विजेच्या बाजाराला मालाच्या बाजाराचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. कांद्याचा भाव पडला तर शेतकरी माल चाळीत ठेवून थांबू शकतो, भाव चढला तर गिऱ्हाईक महिनाभर कांदा कमी खाते. विजेची मोठ्या प्रमाणावर साठवण अजून महाग आहे. ग्राहकाला भाव क्षणोक्षणी कळत नाही, म्हणून तो वापरही कमी करत नाही. ज्या क्षणी जितकी मागणी, त्याच क्षणी तितकीच निर्मिती व्हावी लागते. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेली माणसे चोवीस तास हीच कसरत करतात: स्वस्त संच आधी चालवायचे, महाग नंतर. या क्रमाला 'मेरिट ऑर्डर' म्हणतात. दुपारी या यादीत विकणाऱ्यांची गर्दी असते. संध्याकाळी सातला सूर्य मावळलेला, दिवे-पंखे-एसी सुरू, आणि यादी संपत आलेली असते. अशा वेळी शेवटच्या पाचशे मेगावॅटचा जो मालक, त्याच्याकडे भाव ठरवण्याची ताकद जाते. वर्षभर त्याचा बाजारातला वाटा पाच टक्के का असेना, त्या तासापुरता तो एकटाच असतो.

एक काल्पनिक हिशोब मांडून पाहू. एका कंपनीकडे युनिटला ३ रुपये खर्चाचा १,००० मेगावॅटचा संच आहे आणि ५ रुपये खर्चाचा २०० मेगावॅटचा. दोन्ही बाजारात उतरले तर भाव साडेपाच रुपयांवर ठरतो. मात्र छोटा संच 'दुरुस्तीसाठी बंद' ठेवला तर ती तूट दुसऱ्या कोणाच्या ९ रुपयांच्या विजेने भरावी लागते, आणि लिलावाच्या नियमाप्रमाणे सगळ्यांनाच ९ रुपये मिळतात. छोट्या संचावरचा तासाचा लाखभर रुपयांचा नफा बुडाला, पण मोठ्या संचावर तासाला ३५ लाख जास्त मिळाले. यात कोणी कोणाशी संगनमत केले नाही, खोटी बोलीही लावली नाही. फक्त एक संच बंद राहिला. तो खरोखर नादुरुस्त होता की नव्हता, हे बाहेरून सांगणे अतिशय कठीण असते, आणि या विषयातले सगळे कज्जे इथेच अडतात.

महाराष्ट्राने हा धडा बाजार सुरू होण्याच्या आधीच, आणि उलट्या बाजूने घेतला. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस घेणारा सरकारी यंत्रणेचा एकच काटा, दुसरीकडे विकायची सोय नाही. त्या काळात मुंबई सोडली तर विजेचाही खरेदीदार एकच होता, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. खरेदीदार एकटा असला की तो विकणाऱ्याला दाबतो, अशी आपली समजूत. दाभोळने ती खोटी पाडली.

जून १९९२ मध्ये मंडळाने दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार केला. निविदा निघालीच नव्हती. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. वीज महाग पडेल आणि राज्याला इतकी एकदम गरज नाही, असा तिचा सूर होता. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीजखरेदी करार झाला. कराराची मेख स्थिर आकारात होती. वीज घ्या अथवा न घ्या, केंद्र सज्ज ठेवल्याचे पैसे द्यायचे, आणि त्यातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेत गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच हे आकडे मांडून दाखवले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मुंडे समितीच्या अहवालानंतर, युती सरकारने प्रकल्प रद्द केला. पुढच्या वर्षी फेरवाटाघाटी होऊन तो परत आला, आणि आकाराने आधीपेक्षा मोठा होऊन आला. मे १९९९ मध्ये गुहागर तालुक्यातून पहिल्या टप्प्याची वीज वाहू लागली. रुपया घसरलेला, नाफ्था महागलेला आणि मंडळ वीज कमी उचलते म्हणून प्रत्येक युनिटवर स्थिर आकाराचा बोजा वाढलेला. २००० सालात हा दर सात रुपयांच्याही पुढे गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली.

इथे महाराष्ट्राबाहेर डोकावायलाच हवे, कारण त्याच सुमारास तीच कंपनी जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक खेळ खेळत होती. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये विजेचा खुला बाजार सुरू केला होता. वितरण कंपन्यांना आपली बहुतेक वीज रोजच्या बाजारातूनच घ्यावी लागे, दीर्घ मुदतीचे करार जवळपास नव्हते, आणि ग्राहकाचा दर मात्र गोठवलेला. २००० च्या उन्हाळ्यात भाव उसळले. एरवी मेगावॅट-तासाला तीसच्या आसपास डॉलर असलेला दर डिसेंबरात तीनशेच्या वर गेला. जानेवारी २००१ मध्ये तिथेही पाळीपाळीने अंधार होऊ लागला, एप्रिलमध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही बलाढ्य वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे एन्रॉनच्या व्यापाऱ्यांच्या क्लृप्त्या कागदोपत्री उघड झाल्या. त्यांना नावेसुद्धा होती, 'फॅट बॉय', 'डेथ स्टार'. खोटी मागणी नोंदवायची किंवा वाहिनीवर नसलेली गर्दी कमी केल्याचे पैसे घ्यायचे. बोरेन्स्टाइन, बुशनेल आणि वोलॅक या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये हिशोब मांडला. १९९९ च्या तुलनेत २००० च्या उन्हाळ्यात वीजखरेदीचा खर्च जितका वाढला, त्यातली साधारण ५९ टक्के वाढ विक्रेत्यांच्या बाजारशक्तीमुळे झाली होती.

म्हणजे एकीकडे नुसता करार, बाजार नाही, आणि दुसरीकडे नुसता बाजार, करार नाही. विक्रेता एकच, आणि दोन्हीकडे त्याचे फावले. २००१ च्या सुरुवातीला एन्रॉन महाराष्ट्र सरकारची आणि पाठोपाठ केंद्राची हमी वटवायला निघाली होती. डिसेंबरात ती स्वतःच दिवाळखोर झाली. 'खासगी की सरकारी' हा आपला आवडता वाद या दोन गोष्टींपुढे फारसा कामाचा उरत नाही. खरेदीदाराकडे ऐनवेळी दुसरा पर्याय होता का, एवढेच विचारायचे असते. दाभोळमध्ये तो कराराने काढून घेतला होता, कॅलिफोर्नियात तो कोणी तयारच ठेवला नव्हता.

इंग्लंडचे उदाहरण थोडक्यात पुरे. १९९० मध्ये तिथे वीज उद्योगाचे खासगीकरण झाले, पण औष्णिक केंद्रे मुख्यतः नॅशनल पॉवर आणि पॉवरजेन या दोनच कंपन्यांच्या हाती दिली गेली. दोघांत स्पर्धा होईल ही आशा फोल ठरली. शेवटी नियामकाला त्यांना काही केंद्रे विकायला लावावी लागली.

दाभोळने पोळलेल्या तोंडानेच भारताने २००३ चा वीज कायदा केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्या कायद्यावर दाभोळची सावली आहे. जून २००५ मध्ये महाराष्ट्रात मंडळाचे तुकडे झाले: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. वीज बोलीने विकत घेण्याचा मार्ग कायद्याने खुला केला. कलम ६० ने वीज नियामक आयोगाला बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर रोखण्याचे अधिकार दिले.

बोलीचे पहिले मोठे यश म्हणून मुंद्र्याचा दाखला दिला जाई. डिसेंबर २००६ मध्ये टाटा पॉवरने गुजरातच्या किनाऱ्यावरच्या ४,००० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे दर लावून बाजी मारली. महाराष्ट्रासह पाच राज्ये खरेदीदार. कोळसा इंडोनेशियातून यायचा होता. त्या देशाने नियम बदलले आणि कोळसा महागला. कंपनीने वाढीव दर मागितला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. कागदावर ग्राहक जिंकला. पण तोट्यात वीज विकायला कोण उत्साहाने संच चालवील? एप्रिल २०२२ मध्ये उन्हाळा तापला, कोळसा आटला, राज्यात भारनियमन सुरू झाले, तेव्हा याच केंद्राकडून ७६० मेगावॅट वीज साडेपाच रुपयांच्या वरच्या दराने घ्यायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. यात नफेखोरी किती आणि खरीच महाग झालेली आयात किती? त्या वेळी कोळशाचा जागतिक भाव युक्रेन युद्धामुळे आकाशाला भिडला होता, हे मान्य करावेच लागेल. टंचाई आणि कोंडी दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, आणि प्रत्येक चढ्या भावाला 'लूट' म्हणणारा लेखक वाचकाची फसवणूकच करतो.

रोजचा बाजार भारतात जून २००८ मध्ये आला. इंडियन एनर्जी एक्सचेंज, म्हणजे आयईएक्स, सुरू झाले, आणि त्याच वर्षी पीएक्सआयएल. २०२२ मध्ये एचपीएक्सची भर पडली. उद्याची वीज आज विकली जाते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येकाचा स्वतंत्र लिलाव. विकणारे आणि घेणारे बंद बोली लावतात, जिथे दोन्ही रेषा मिळतात तो भाव सर्वांना. १ जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला भरणारा 'रिअल टाइम' बाजारही आहे. देशातल्या एकूण विजेच्या मानाने एक्सचेंजवरचा व्यवहार अजून एक-दशांशाहूनही कमी. पण जिथे टंचाई, तिथे हाच थोडा भाग भाव ठरवतो, बाकीचे करार याच भावाकडे डोळे लावून होतात.

तारांचाही बाजारात हात असतो. दक्षिण भारताचे ग्रीड बाकी देशाशी पुरेसे जोडलेले नव्हते तोवर एकाच लिलावात तिथला भाव वेगळा आणि चढा निघे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड देशाशी जुळले. सोलापुरात येऊन मिळालेल्या त्या वाहिनीने विक्रेत्यांच्या एका मोठ्या कोपऱ्यात स्पर्धा आणली. कुठल्याही नियामकाच्या आदेशाने ते इतक्या लवकर जमले नसते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशाअभावी महाराष्ट्राला वीज देणारे १३ संच, ३,३३० मेगावॅट क्षमतेचे, बंद पडले. मार्च २०२२ मध्ये एक्सचेंजवर काही तुकड्यांत भाव युनिटला २० रुपयांवर गेला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने १ एप्रिलला १२ रुपयांची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी ती १० वर आणली. मर्यादेने महावितरणसारख्या खरेदीदाराची मान वाचली. वीज मात्र तेवढीच राहिली. मर्यादेवर भाव चिकटला की मागणाऱ्याला मागितल्याचा काही हिस्साच मिळतो, उरलेली तूट कुठल्या तरी फिडरवर टाकावी लागते. महाग विजेसाठी मार्च २०२३ मध्ये वेगळे दालनही उघडले गेले. आयात कोळसा आणि गॅसवरची केंद्रे तिथे जास्त भावाने विकू शकतात.

खरेदीदारही साव नसतात. वितरण कंपन्या निर्मिती कंपन्यांचे पैसे महिनोन्‌महिने थकवत. ऑगस्ट २०२२ मध्ये थकबाकीमुळे १३ राज्यांना एक्सचेंजवर व्यवहार करायला मनाई झाली. त्या यादीत महाराष्ट्राचे नाव होते. हिशोब जुळल्यावर ते निघाले. उधारी बुडेल या भीतीने विक्रेता भाव वाढवून लावतो, हेही या बाजाराचे अंग आहे.

आणखी एक गंमत. स्पर्धेसाठी उभारलेल्या या मंडीत मंडीच जवळपास एकाची झाली. 'उद्याच्या' बाजारातला जवळजवळ सगळा व्यवहार आयईएक्सवर होतो. घेणारे तिथे म्हणून विकणारे तिथे, विकणारे तिथे म्हणून घेणारे तिथे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आयोगाने तिन्ही एक्सचेंजच्या बोल्या एकत्र करून एकच भाव काढण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२६ पासून तो लागू करायचे ठरले. आदेशाच्या दुसऱ्या दिवशी आयईएक्सचा शेअर जवळपास ३० टक्के कोसळला, आणि कंपनी अपील न्यायाधिकरणात गेली. ऑक्टोबरात सेबीने याच आदेशाची बातमी आधी कळल्याच्या संशयावरून आठ व्यक्तींना शेअर बाजारातून रोखले. चौकशीचा निकाल काय लागायचा तो लागेल.

दीर्घ करारांकडेही अशाच नजरेने पाहावे लागते. मार्च २०२४ मध्ये महावितरणने ५,००० मेगावॅट सौर आणि १,६०० मेगावॅट कोळशाची वीज एकाच निविदेत मागितली. सप्टेंबरमध्ये अदाणी समूहाचा ४ रुपये ८ पैशांचा दर सर्वात कमी ठरला, त्यानंतर जेएसडब्ल्यूचा ४ रुपये ३६ पैशांचा. दर वाईट नाही. पण सौर आणि कोळसा असे दोन्ही एवढ्या प्रमाणावर देऊ शकणाऱ्या कंपन्या देशात बोटावर मोजण्याइतक्या. निविदा वेगळ्या काढल्या असत्या तर किती जण आले असते, हा प्रश्न विरोधी पक्षाने विचारला म्हणून राजकीय ठरत नाही. तो स्पर्धेच्या अभ्यासातला पहिलाच प्रश्न आहे. गठ्ठा बांधून मागणारा खरेदीदार आपल्याच हाताने विक्रेते कमी करतो.

सोयगावच्या बाजूने पाहता गेल्या दोन-तीन वर्षांतला सगळ्यात मोठा बदल या मोठ्या निविदांत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा पहिला प्रकल्प सोयगावच्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, २०२४ मध्ये सुरू झाला. क्षमता ३ मेगावॅट. अशी छोटी केंद्रे उपकेंद्राशेजारीच उभी राहतात, वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, आणि शेतीपंप दिवसा चालतात. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर मोठ्या मागणीचा एक तुकडा संध्याकाळ-रात्रीतून उचलून दुपारी ठेवला जातो. दुपारी एक्सचेंजवरचा भाव रुपया-दोन रुपयांपर्यंत उतरतो, त्याच दिवशी संध्याकाळी तो कधी कधी १० रुपयांच्या मर्यादेला टेकतो. ही दरी जितकी रुंद, तितकी संध्याकाळच्या विक्रेत्याची ताकद मोठी. ती कमी करण्याचे मार्ग माहीत आहेत: बॅटऱ्या, उदंचन जलविद्युत प्रकल्प, नव्या वाहिन्या, आणि वेळेनुसार दर. यांतले काहीही स्वस्त नाही, आणि काहीही एका उन्हाळ्यात उभे राहत नाही.

पुढची पाने वाचताना वाचकाने 'वीज स्वस्त की महाग' या प्रश्नापेक्षा 'कोणत्या वेळेची वीज, आणि त्या वेळी आणखी कोण विकायला होते' हा प्रश्न हाताशी ठेवावा. दरवाढीचा प्रस्ताव आला की राज्य वीज नियामक आयोग सूचना आणि हरकती मागवतो, आणि त्या कोणीही ग्राहक देऊ शकतो. संध्याकाळची खरेदी किती, कोणाकडून आणि काय दराने झाली, त्या प्रत्येक करारासाठी किती बोल्या आल्या होत्या, आणि सर्वात महाग तासांत कोणते संच कशासाठी बंद होते, याचा तपशील महावितरणकडे मागावा. सोयगावच्या ग्राहकानेही तो मागावा.